गडेगावचं दातेरी चाक

लाखनीहून भंडाऱ्याकडे निघालं की वाटेत गडेगाव लागतं. महामार्गाला आता ५३ हा आकडा मिळाला आहे, तरी जुनी माणसं त्याला अजून ‘सहा नंबर’च म्हणतात. दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, आणि त्यांच्या शेजारी १९८२ पासून उभा असलेला अशोक लेलँडचा कारखाना. इथे ट्रक-बसचे गिअरबॉक्स तयार होतात.

जुन्या गाड्या हाकलेल्या ड्रायव्हरला विचारा, गिअर टाकणं म्हणजे काय असायचं. डबल क्लच मारायचा, इंजिनाचा आवाज ऐकून वेगाचा अंदाज घ्यायचा. चुकलं की दात कराकरा वाजायचे. सिंक्रोमेश आला आणि हा त्रास संपला. त्यात फिरत्या दोन भागांच्या मध्ये एक कडं असतं, पुष्कळदा पितळेचं. आधी ते कडं घासतं, दोघांचा वेग सारखा करतं, आणि मगच दात दातात बसतात. झीज होते ती कड्याची. पितळेच्या भांड्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्यात हे सांगताना मला विशेष वाटतं.

परदेशी कंपनी दुसऱ्याच्या बाजारात शिरते तेव्हा असंच एक कडं लागतं. पैसा, यंत्रं, करारनामे यांच्या याद्या छापल्या जातात, मधल्या माणसाचं नाव मात्र सहसा कुठे येत नाही. जपानी आणि अमेरिकी कंपन्यांचा एकमेकांच्या देशातला प्रवेश वाचताना मी तोच माणूस शोधत राहिलो.

अमेरिकेतल्या साउथलँड कंपनीची सेव्हन-इलेव्हन दुकानं जपानात नेण्याचा करार १९७३ साली झाला. करारासाठी झटणारे तोशिफुमी सुझुकी इतो-योकादो या किरकोळ विक्रीच्या कंपनीतले होते. साउथलँडकडून आलेल्या कार्यपुस्तिकांचा त्यांनी जपानीत अनुवाद करून घेतला. त्यात गल्ला कसा सांभाळायचा, अशी नवशिक्याला सांगायची माहिती निघाली. म्हणजे दुकानाचं नाव मिळालं, धंद्याची रीत मात्र तिथेच, जपानच्या मातीत घडवावी लागणार होती. मे १९७४ मध्ये तोक्योच्या तोयोसु भागात पहिलं दुकान उघडलं, तेही आधी दारू विकणाऱ्या एका छोट्या दुकानाच्या जागी. पहिल्या गिऱ्हाइकानं घेतला तो गॉगल, ८०० येनांचा. पुढे १९९१ साली कर्जात बुडालेल्या साउथलँडची मालकी याच जपानी मंडळींनी घेतली. अनुवाद करायला बसलेला माणूस मूळ घराचा धनी झाला! मला ही गोष्ट कितीही वेळा वाचली तरी पुन्हा वाचावीशी वाटते.

उलट्या दिशेचं उदाहरण कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं. जनरल मोटर्सनं तिथला कारखाना १९८२ मध्ये बंद केला. टोयोटानं त्यांच्याच भागीदारीत १९८४ मध्ये तो पुन्हा सुरू केला, आणि कामगार बहुतांशी जुनेच, युनियनही जुनीच. त्यांच्या तुकड्या टोयोटाच्या ताकाओका कारखान्यात शिकायला पाठवल्या. दोष दिसला की कोणत्याही कामगारानं दोरी ओढून लाइन थांबवायची, हे तिथे ते शिकले. जिथे आधी लाइन थांबवणं हा गुन्हा होता, तिथे तोच हक्क झाला. गाड्यांचा दर्जा सुधारला तो याच माणसांच्या हातून. त्याआधी, १९५० साली, अमेरिकी संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांनी जपानी अभियंत्यांना दर्जाचं शास्त्र शिकवलं होतं. जपाननं १९५१ पासून त्यांच्या नावानं पारितोषिक सुरू केलं. २०१६ मध्ये ते अशोक लेलँडच्या पंतनगर कारखान्याला मिळालं. गडेगावच्या सख्ख्या भावंडाला! अमेरिकेतून जपानात गेलेली विद्या जपानी ठसा घेऊन भारतात आली, ती अशी.

मराठी माणसाच्या बाबतीत हे कडं प्रथम किर्लोस्करांच्या घरात दिसतं. शंतनुराव किर्लोस्कर १९२६ साली एमआयटीतून अभियांत्रिकीची पदवी घेऊन आले. अमेरिकेच्या कमिन्सला भारतात यायचं होतं, तेव्हा १९६२ मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली. पस्तीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्याच घराण्यातले विक्रम किर्लोस्कर टोयोटाला कर्नाटकात घेऊन आले. तेही एमआयटीचेच. एकाच घराण्यानं अमेरिका आणि जपान दोन्ही पाहुण्यांना उंबरठ्यातून आत घेतलं. मला वाटतं, या घरानं दिलेली खरी ठेव भांडवलापेक्षा मोठी होती. परक्या कारखान्याची शिस्त आणि आपल्या माणसांची कामाची सवय यांत कुठे किती वाकायचं, हे त्यांना ठाऊक होतं.

अशोक लेलँडचं नावच सोयरिकीचं आहे. १९४८ च्या अशोक मोटर्समध्ये १९५५ साली ब्रिटनची लेलँड आली. जपानच्या हिनोकडून इंजिनाचं तंत्र आलं, जर्मनीच्या झेडएफकडून गिअरबॉक्सचं. २००७ मध्ये जपानच्या निस्सानशी करार झाला, पुढे अमेरिकेच्या जॉन डीअरशीही. निस्सानसोबत केलेला ‘दोस्त’ हा छोटा ट्रक २०११ मध्ये रस्त्यावर आला आणि चालला. भागीदारी मात्र २०१६ मध्ये संपली, निस्सानचा हिस्सा अशोक लेलँडनं विकत घेतला. गाडी टिकली आणि नातं तुटलं. याची कारणं हिशेबाच्या वह्यांत असतीलच. पण वेग सारखा करून देणारं कडं अशा वेळी किती झिजलेलं होतं, हे वह्यांत लिहिलेलं नसतं.

भंडारा जिल्ह्यात जपान आणखी एका दारानं आला आहे. वरठीचा सनफ्लॅग कारखाना मोटारींच्या भागांना लागणारं खास पोलाद करतो, आणि नागोयाच्या दाइदो स्टीलचा त्यात हिस्सा आहे. म्हणजे धानाच्या या पट्ट्यात जपानचं तंत्र पूर्वीच पोचलं. जपानची भाषा पोचायची राहिली. ती पुण्यात आहे. रानडे इन्स्टिट्यूटमध्ये परदेशी भाषांचे वर्ग भरतात, जपानी परीक्षा होतात, दुभाष्यांची नोकरी मिळते. आमच्याकडचा फिटर-टर्नर उत्तम काम करतो. पण नकाशावर दोन जपानी शब्द दिसले की त्याला पुण्याच्या माणसाची वाट पाहावी लागते. मला याची मनापासून खंत वाटते. कारखाना दारात असूनही त्याच्याशी बोलण्याचं काम आपल्या मुलांच्या वाट्याला येत नाही.

जिल्ह्यातल्या आयटीआयमध्ये जपानी शिकवायला आठवड्याला दोन तास पुरतील. कारखान्यातल्या वस्तूंपासून सुरुवात करावी, कवितेपासून नको. कामाच्या जागेला जपानीत ‘गेम्बा’ म्हणतात, नकाशाला ‘झुमेन’. आणि गिअरला ‘हागुरुमा’. ‘हा’ म्हणजे दात, ‘कुरुमा’ म्हणजे चाक. आपणही त्याला दातेरी चाकच म्हणतो.