टंच न काढलेली पुडी

पहाटे ५.३०

उठल्याबरोबर गोळी. पायरिडोस्टिग्मिन, ६० मिलिग्रॅम. रिकाम्या पोटी घेतली की पोटात कळा येतात, म्हणून उशाशी पाण्याच्या तांब्याबरोबर दोन बिस्किटं ठेवलेली असतात. लागू पडायला अर्धा-पाऊण तास, अंमल तीन-चार तास. पुढची ९.३० ला, मग १.३०, ५.३० आणि रात्री ९.३० ला शेवटची. घरातलं जेवणखाण, दुकान, पाहुणे, सगळं आता या वेळांच्या मधे बसवायचं.

दुखण्याचं नाव मायस्थेनिया ग्रॅव्हिस. अमिताभ बच्चनला १९८४ मध्ये हेच निघालं होतं, असं सांगितलं की आमच्या गावाकडच्या, विट्याकडच्या माणसांना लगेच कळतं. निदान तसं ते म्हणतात. मज्जातंतूचा हुकूम स्नायूपर्यंत असेटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. ते धरून घेणाऱ्या जागा स्नायूवर असतात. माझ्या रक्तातली प्रतिपिंडं त्याच जागा अडवतात आणि मोडतात. त्यामुळे पहिला घास झकास चावला जातो, विसावा जात नाही. सकाळी मी धडधाकट दिसतो, संध्याकाळी पापणी डोळ्यावर उतरते आणि बोलणं नाकात जातं. गोळी असेटिलकोलिनला लवकर मोडू देत नाही, एवढंच तिचं काम. मूळ भांडणावर प्रेडनिसोलोन आणि अ‍ॅझाथायोप्रिन चालू आहेत. ही दोन्ही प्रतिकारशक्ती खाली आणणारी औषधं. एवढं ध्यानात ठेवा, कारण दिवसभर लोक मला नेमकं याच्या उलट सांगणार आहेत.

सकाळी ६.३०

कुंभकोणमच्या महामहम तळ्याला एक फेरी, मग डिग्री कॉफी. फेरी आता सावकाश आणि ऊन चढायच्या आत, कारण उन्हानं हे दुखणं बळावतं. २०१६ च्या महामहम स्नानपर्वाला इथं पाय ठेवायला जागा नव्हती. पुढचं २०२८ मध्ये. कॉफीवाल्याचा सल्ला रोजचाच आहे: कबसुर कुडिनीर घ्या, अंगात ताकद येईल. कोविडच्या काळात सरकारनंच हा सिद्ध वैद्यकातला काढा घरोघर पोचवला, तेव्हापासून त्याचं बस्तान बसलं आहे. मी मान डोलावतो. मान अजून डोलते, ही सकाळची चैन.

९.००

दुकान उघडतं. आम्ही गलाईवाले. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळानं आमच्या बापजाद्यांना गावाबाहेर काढलं आणि देशभरच्या सराफी पेठांमध्ये नेऊन बसवलं. तामिळनाडूत सोन्याचं गाव म्हटलं की कुठल्या तरी बोळात गलाईची भट्टी असायचीच. इथले सोनार आम्हाला ‘सेट’ म्हणतात. पिढ्या गेल्या तरी मालक गावाकडचा आणि हिशोबाची वही मराठीत.

काम असं. सोनार जुनं, डागलेलं, डाकाचं सोनं आणतो. ते तोलायचं, मुशीत टाकणखार घालून वितळवायचं, लगड ओतायची, टंच काढायचा, म्हणजे शुद्धता मोजायची. शुद्ध करून द्यायचं असेल तर त्यात साधारण तिप्पट चांदी मिसळतात, रस पाण्यात ओतून त्याचे दाणे करतात आणि ते नायट्रिक तेजाबात उकळतात. चांदी विरघळून जाते. तळाला उरते तपकिरी भुकटी. नवख्या माणसाला ती दाखवून सांगा, हे सोनं आहे, तो हसेल. एखाद्या चूर्णाच्या डबीतलं काही सांडलंय असंच वाटतं. ती धुऊन पुन्हा मुशीत घातली की मग पिवळी होते. उरलेल्या पाण्यात तांब्याचा पत्रा सोडला की चांदीही परत मिळते.

पूर्वी भट्टीवर मी बसायचो. आता पुतण्या बसतो, पंख्याखाली, तोंडाला फडकं बांधून. मला ती धग आणि तेजाबाचा नारिंगी धूर, दोन्ही परवडत नाहीत. श्वासाचे स्नायूही याच दुखण्याच्या तावडीत येतात, आणि तसं झालं तर गाठ व्हेंटिलेटरशी असते. माझ्याकडे राहिली कसोटी. ९.३० ची गोळी घेतली की १० ते ११ ही माझी खरी नजर. त्या तासात काळ्या दगडावर सोन्याची रेघ ओढतो, शेजारी ठरलेल्या टंचाच्या सळईची रेघ ओढतो, तेजाबाचा थेंब फिरवतो आणि कुठली फिकी पडते ते बघतो. गोळीचा अंमल उतरला की एका रेघेच्या दोन दिसतात. तेव्हा एक डोळा मिटायचा, दोनाची एक होते. समोरच्या सोनाराला वाटतं, सेट फार बारकाईनं बघतायत.

११.१५

गावाहून बहिणीचा फोन.

‘‘दादा, आपल्या बांधावरच्या लिंबावर गुळवेल चढलीया, मनगटागत जाड. वाळवून पाठवते. रोज कपभर उकळून घेत जा की.’’

‘‘अगं, ती माझ्यासाठी न्हाई.’’

‘‘झाडपाल्यानं कुणाचं काय वाईट झालंय?’’

फोनवर या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. जेवणाआधी घसा वाचवायचा असतो. उत्तर मात्र आहे, आणि ते आपल्या मुंबईतच मिळालं. २०२० च्या शेवटी, सगळा देश काढे पीत असताना, मुंबईतल्या यकृततज्ज्ञांना सहा जण असे भेटले की ज्यांच्या यकृताला गुळवेल घेतल्यानंतर सूज आली होती. तपासणीत ती सूज स्वयंप्रतिकार आजारासारखी दिसत होती, म्हणजे माझ्याच आजाराच्या भावकीतली. २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं. आयुष मंत्रालयानं आक्षेप घेतला: गुळवेल सुरक्षित आहे, रोग्यांनी घेतलेली वेल गुळवेलच होती हे डॉक्टरांनी तपासलं नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरीही वेल असते. पुढच्या वर्षी देशातल्या अनेक केंद्रांनी मिळून अशाच ४३ रोग्यांची नोंद छापली.

मी गलाईवाला. मला या वादात सगळ्यात मोलाचा वाटला तो मंत्रालयाचा आक्षेप. वेल कुठली होती हेच नक्की नसेल, तर ती बाजारात शुद्ध म्हणून विकली कशी जाते? टंच न काढता कुणी लगड घेईल का?

शिवाय माझी अडचण वेगळीच आहे. अ‍ॅझाथायोप्रिनमुळे यकृताच्या तपासण्या वरचेवर कराव्या लागतात. उद्या आकडे चढले, तर ते गोळीनं चढले की वेलीनं, हे डॉक्टर ओळखणार कसे? बंद करतील ती गोळी. आणि जिच्यावर मी उभा आहे ती तीच.

१२.१५

सराफी पेठेच्या तोंडाशी नाट्टु मरुंदु कडै, म्हणजे झाडपाल्याच्या औषधांचं दुकान. शेकडो लाकडी खण. सुंठ, पिंपळी, हिरडा, वेखंड यांचा मिसळलेला वास रस्त्यापर्यंत येतो. दुकानदार म्हातारा माझ्यापेक्षा मोठा. मी त्याला ‘अय्या’ म्हणतो. आज कामासाठी गेलो होतो, घरी नातवाला खोकला म्हणून ज्येष्ठमध हवं होतं. इथं त्याला अदिमदुरम म्हणतात.

खण उघडता उघडता तो थांबला. ‘‘सेट, तुम्ही त्या स्टेरॉइडच्या गोळ्या घेता ना? कुणासाठी हे?’’ नातवासाठी म्हटल्यावर त्यानं पुडी बांधली आणि बजावलं, तुम्ही तोंडात टाकू नका. म्हातारा बरोबर होता. ज्येष्ठमध जास्त दिवस खाल्लं की शरीरातलं पोटॅशियम कमी होतं, प्रेडनिसोलोननंही ते कमी होतं, आणि पोटॅशियम उतरलं की धडधाकट माणसाचेही स्नायू ढिले पडतात. माझी काय कथा.

त्याच्या गल्ल्यामागे तंजावरच्या सरस्वती महालानं छापलेली सरभेंद्र वैद्य मुरैगळची प्रत आहे. सरभेंद्र म्हणजे आपले सरफोजी राजे, दुसरे. १७९८ ते १८३२ त्यांचं राज्य. त्यांच्या धन्वंतरी महालात सिद्ध, आयुर्वेद, युनानी आणि इंग्रजी वैद्यक एका छपराखाली होतं. उपाय करून बघायचे, गुण आला तो लिहून ठेवायचा, मग कवींकडून तमिळ पद्यात बांधून घ्यायचा. डोळ्यांच्या रोग्यांच्या तर स्वतंत्र नोंदी ठेवल्या आहेत, चित्रांसकट. मला ही नोंद ठेवण्याची खोड फार आवडते. झाडपाला म्हणजे आपली परंपरा, असं मला जे सांगतात ते परंपरेतला पाला तेवढा उचलतात, वही तिथंच सोडतात.

१.१५

जेवण, १.३० च्या गोळीला धरून. बायको भात मऊ करते, सांबारातल्या शेवग्याच्या शेंगा मला वाढत नाही. पूर्वी जेवणावर पान लागायचं. कुंभकोणमच्या पानाला जगात तोड नाही. आता जबडा अर्ध्यातच थकतो. सुपारी तर नकोच, तिच्यातलं अरेकोलिन लाळ वाढवतं, आणि गोळीनं ती आधीच वाढलेली असते. मग तासभर झोप. तिच्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही.

४.००

चेन्नईहून भाच्यानं पार्सल पाठवलंय. कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, मामावर जीव आहे. दोन बाटल्या निघाल्या. एक अश्वगंधेच्या गोड गोळ्यांची, ‘इम्युनिटी’ असं मोठ्या अक्षरात लिहिलेली. दुसरी, पायात गोळे येतात असं मी फोनवर म्हणालो होतो म्हणून, मॅग्नेशियमची.

अश्वगंधा, इथली अमुक्करा, प्रतिकारशक्तीला डिवचते असं प्रयोगशाळांत दिसलंय. म्हणून स्वयंप्रतिकार आजार असलेल्यांनी ती टाळावी असं सांगतात. डेन्मार्कनं २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली, अर्थात कारणं निराळी. मॅग्नेशियम वनस्पतीही नाही, पण माझ्या बाबतीत भाच्याच्या दोन बाटल्यांतली जास्त धोक्याची तीच. ते मज्जातंतूच्या टोकातून असेटिलकोलिन कमी बाहेर पडू देतं. मायस्थेनियाच्या रोग्याला शिरेतून मॅग्नेशियम दिलं तर श्वास अडू शकतो. आम्लपित्ताच्या साध्या पातळ औषधातही ते असतं, आणि ते कुठल्याही दुकानात कुणीही देतं.

बाटलीच्या मागच्या बाजूचं मला वाचता येईना, अक्षरं दोन-दोन. पुतण्यानं वाचून दाखवलं.

‘‘काका, भस्मं बिस्मं न्हाईत ना ह्यात?’’ त्यानं विचारलं. हा प्रश्न आमच्या धंद्यातल्या माणसालाच सुचतो. पारा आणि शिसं काय करतात ते भट्टीवाल्याला वेगळं शिकवावं लागत नाही. २००८ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी इंटरनेटवरून घेतलेली १९३ आयुर्वेदिक औषधं तपासली. साधारण पाचातल्या एकात शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. त्यांनी शेवटी केलं काय, तर टंच काढला.

६.००

दिवसातला वाईट तास. ५.३० ची गोळी अजून चढायची असते आणि सोनार सगळे याच वेळी येतात. उजवी पापणी बुबुळाच्या निम्म्यावर. रुमालात बर्फ बांधून दोन मिनिटं डोळ्यावर धरला की ती वर जाते. डॉक्टरांनी पहिल्या भेटीत निदानासाठी वापरलेली हीच युक्ती. गिऱ्हाइकाला वाटतं, मार लागलाय.

आज एक तरुण सोनार म्हणाला, ‘‘सेट, इंग्लिश गोळ्या सोडा, मुळी घ्या.’’ मला हसू आलं. ओठ नीट वळत नाहीत, पण आलं. कारण माझी इंग्लिश गोळी मुळातली झाडपाल्याचीच. पश्चिम आफ्रिकेतल्या कॅलाबारकडे एका वेलीचं बी होतं, आरोपीला खायला घालून न्याय करायचे. मेला तर गुन्हेगार. त्या बियांतलं विष म्हणजे फायसोस्टिग्मिन. १९३४ मध्ये लंडनच्या ग्रिनिचमधल्या रुग्णालयात मेरी वॉकर या डॉक्टरबाईंनी ते मायस्थेनियाच्या एका बाईला टोचलं. या आजाराची लक्षणं क्युरारेच्या विषबाधेसारखी आहेत, आणि क्युरारेवर उतारा फायसोस्टिग्मिन, एवढ्या धाग्यावरून. बाईची शक्ती थोड्या वेळापुरती परत आली. क्युरारेही वनस्पतीचंच, दक्षिण अमेरिकेतल्या शिकारी बाणांचं. माझी गोळी त्या बियांतल्या विषाची कारखान्यात बनलेली, मवाळ नातेवाईक.

तेव्हा पाल्याशी माझं वैर नाही. पाल्यात नेमकं काय, किती आणि कुणासाठी, हे कुणीतरी जीव ओतून मोजलं, म्हणून मी गल्ल्यावर बसू शकतो. चीनमधल्या एका नेचेवर्गीय वनस्पतीतून काढलेलं ह्युपरझिन स्मरणशक्तीसाठी डब्यांतून विकतात. ते माझ्या गोळीचंच काम करतं. दोन्ही एकत्र झाली तर लाळ, जुलाब आणि उलट अशक्तपणाच वाढेल. नैसर्गिक आहे म्हणून मुकाट बसेल, असं त्याला कुणी सांगितलेलं नाही. सोनाराला एवढं सगळं बोलायला दम नव्हता. त्याची लगड तोलली आणि पुतण्याकडे दिली.

९.३०

शेवटची गोळी. झोपण्याआधी एका श्वासात आकडे म्हणायचे, किती जमतात ते कॅलेंडरवर लिहायचं. आकडा उतरत चालला तर सकाळची वाट बघायची नाही, निघायचं. सोमवारी तंजावरला डॉक्टरांकडे जायचंय. भाच्याच्या दोन्ही बाटल्या पिशवीत घातल्या, त्यांनाच दाखवू.

खिशात एक कागद असतो, तमिळ आणि इंग्रजीत: मला हा आजार आहे, ही औषधं चालू आहेत, ही देऊ नका. मला बोलता येणार नाही अशी वेळ आली तर तो बोलेल. काही अँटिबायोटिक्स, बीटा ब्लॉकर, क्विनीन अशी नावं त्यात आहेत. आज खाली मॅग्नेशियम वाढवायचं होतं. पुतण्या पेन घेऊन बसला आणि तमिळमध्ये ‘ग्ने’ कसा लिहायचा यावर आमचं जुंपलं. तो इथंच शाळेत गेलेला, तरी अडला. शेवटी बायकोनं शेजारच्या दहावीतल्या पोरीला हाक मारली. तिनं एका झटक्यात लिहून दिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या.