‘ओ’ रक्तगटवाल्यांना कोरोना होत नाही? मेसेजमागचं खरं काय ते वाचा

सर्दी-खोकल्याची साथ आली की गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक जुना मेसेज पुन्हा फिरायला लागतो : ‘ओ’ रक्तगटवाल्यांना कोरोना होत नाही, ‘ए’वाल्यांनी जपावं. मेसेज अगदीच हवेतला नाही, पण अर्धाच आहे.

2020 मध्ये चीनच्या वुहान शहरात इतर लोकांच्या मानानं कोरोना रुग्णांत ‘ए’ गटाचे जास्त आणि ‘ओ’ गटाचे कमी निघाले. त्याच वर्षी इटली-स्पेनच्या गंभीर रुग्णांतही तसंच दिसलं. पण 2021 मध्ये अमेरिकेत युटा आणि आसपासच्या लाखभर लोकांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रक्तगटाचा काही संबंधच लागला नाही.

फरक पडत असेलच तर कशानं? ‘ओ’वाल्यांच्या रक्तात गुठळी धरायला मदत करणारं एक प्रथिन साधारण पाव हिश्शानं कमी असतं. कोरोनात रक्ताच्या गुठळ्या होऊन अनेकांची तब्येत बिघडली होती, म्हणून संशोधकांचं लक्ष तिकडं गेलं. हा अंदाजच, पक्कं काही नाही.

वय, शुगर, फुप्फुसाचा जुना आजार यांच्यापुढं हा फरक किरकोळ. ‘ओ’ गटाचेही कितीतरी लोक दवाखान्यात दाखल झालेच. घरातलं म्हातारं माणूस धापा टाकतंय, ऑक्सिमीटर 94 च्या खाली दाखवतोय आणि घरचे ‘आपला ओ आहे, काही होत नाही’ म्हणून सकाळची वाट बघत बसले, तर तो उशीर जिवावर बेतू शकतो. डॉक्टरही कोरोनाचं औषध रक्तगट बघून देत नाहीत.