मुलींचा रक्तक्षय व घरची बाजरी

पंधरा-सोळा वर्षांची मुलगी खुरपणीत दोन पाती होताच दमते, घागर आणताना तिला धाप लागते; आणि घरची मंडळी तिला आळशी ठरवून मोकळी होतात. पुष्कळदा हा आळस नसून रक्तक्षय असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वर्षे वयाच्या दर शंभर मुलींपैकी ५९ जणींना तो असल्याचे आढळले.

रक्तातील हिमोग्लोबिन हे द्रव्य शरीरास प्राणवायू पोचविते व त्याच्या घडणीस लोह लागते. वयात येताना वाढ झपाट्याने होते, शिवाय मासिक पाळीत रक्त जाऊ लागते. म्हणून तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलीस दररोज ३० मिलिग्रॅम लोह मिळावे, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० साली सुचविले. त्याच वयाच्या मुलास २२ पुरतात. पानावर वाढताना मात्र पुष्कळ घरांत उलटाच क्रम चालतो.

या कामी शेतकऱ्याच्या हाती एक चांगले साधन आहे. अधिक लोहाची ‘धनशक्ती’ ही बाजरीची जात २०१२ साली महाराष्ट्रात प्रसारित झाली. तत्कालीन अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातील शाळकरी मुलामुलींना अशा लोहयुक्त बाजरीची भाकरी दोन वेळा देऊन पाहण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार महिन्यांत त्यांच्या शरीरातील लोहाचा साठा वाढला. हिमोग्लोबिनमध्ये मात्र तितका ठळक फरक पडला नाही. तेव्हा आहाराचे काम सावकाशीचे आहे, हे ध्यानी घ्यावे.

धान्यातील व पालेभाजीतील लोह शरीरात सहजी शोषले जात नाही. जेवणात लिंबू, आवळा किंवा पेरू असल्यास ते अधिक शोषले जाते; जेवणाबरोबर चहा घेतल्यास बरेचसे वाया जाते. भाकरीसोबत चहा पिण्याची चाल म्हणूनच सोडावी. आमटी, भाजी लोखंडी कढईत करावी. मांस-मासळी खाणाऱ्यांनी तीत मुलीचाही वाटा ठेवावा.

अनवाणी चालण्याने अंकुशकृमी तळपायांतून शरीरात शिरतात व आतड्यात राहून रक्त शोषतात. यास्तव शौचालयाचा व पादत्राणांचा वापर करावा आणि जंतनाशक गोळी वर्षातून दोनदा घ्यावी. शाळेत व अंगणवाडीत मिळणारी लोहाची निळी गोळी आठवड्यातून एकदा, जेवणानंतर घ्यावयाची असते. तिने शौचास काळे होते. त्यास भिऊन कित्येक मुली ती टाकून देतात. तो केवळ लोहाचा रंग असतो. हिमोग्लोबिन १२ ग्रॅमांहून कमी भरल्यास मात्र साप्ताहिक गोळीवर न थांबता प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार घ्यावेत.