बारा तारांपैकी एक

आमच्या विंगमध्ये मला "कुठलं गाणं?" असं कोणी विचारत नाही. "अजून ट्यूनिंगच का?" असं विचारतात. मामांकडून आलेली रिकनबॅकर ३६०/१२ म्हणजे बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार, त्यामुळे बारा खुंट्या पिळणं आलंच.

या बारा तारा म्हणजे सहा जोड्या. वरच्या सुरांच्या दोन जोड्या, ई आणि बी, तंबोऱ्याच्या जोडासारख्या एकाच सुरात. बाकी चार जोड्यांत जाड तारेशेजारी एक सप्तक वरची बारीक तार. इतर बारा तारी गिटारींवर वरून खाली छेडताना बहुधा बारीक तार आधी लागते, रिकनबॅकरवर जाड आधी. म्हणून सूर ठाम येतो आणि मागोमाग ती चमक. १९६४ मध्ये न्यूयॉर्कला जॉर्ज हॅरिसनला ही गिटार मिळाली, 'अ हार्ड डेज नाइट'मध्ये ती दिसली, तो सिनेमा पाहून रॉजर मॅग्विनने एक घेतली आणि बर्ड्स बँडचा आवाज तिच्यावरच उभा राहिला.

आता मुद्द्याची तार : तिसऱ्या जोडीतली बारीक जी. हिचा सूर ३९२ हर्ट्झ. सहा तारी गिटारीतली सर्वांत उंच ई ३३० च्या आसपास असते, म्हणजे ही तिच्याही वर! चमक बरीचशी हिची, आणि तुटते तीही हीच. ज्याला त्याला एकच सल्ला सुचतो, "जाड तार टाक की!"

मित्रांनो, फर्स्ट इयरचं फिजिक्स आठवा. तार जाड केली की दर मीटरला वजन वाढतं, मग त्याच सुरासाठी ताणही त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. ताण भागिले छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे स्ट्रेस, जिथल्या तिथे! पावणेपंचवीस इंच लांबी आणि स्टीलची घनता घालून बघा, सुमारे १.९ गिगापास्कल येतो. तार ०.००८ इंची असो की ०.०१०. लॅबमधला माइल्ड स्टीलचा नमुना अर्ध्या गिगापास्कलच्या आसपासच मान टाकतो. ही पियानो वायर म्हणून तग धरते, पण पावसाळ्यात जरा गंज चढला की टण्ण!

उपाय आहे. सगळी गिटार दोन अर्धस्वर खाली लावायची आणि दुसऱ्या फ्रेटवर कॅपो. स्ट्रेस वीसेक टक्क्यांनी उतरतो, मानेवरचा भारही हलका होतो. कॅपो जाड-बारीक तारा सारख्या दाबत नाही, म्हणून तो लावल्यावर पुन्हा सूर जुळवावे लागतात (विंगवाल्यांनो, माफी असावी). तरी मला हा सौदा परवडतो.

आणखी एक फायदा याच गणितातून निघतो. आमच्या इथल्या दुकानात बारा तारांचा सेट क्वचितच असतो. पण जाडीने तुटण्यात फरक पडत नसेल, तर साध्या सहा तारी सेटमधली ०.००९ ची ई तिथे खुशाल चालते. ताण थोडा वाढतो, आवाज किंचित भरीव होतो. गॅदरिंगच्या आठवड्यात मी अशा दोन तारा केसमध्येच ठेवतो.