कोच बदला!

टीम हरली की पहिला नंबर कोचचा. पण तो नेमका कुठे चुकला, हे आपल्याला खरंच माहीत असतं का?

शुक्रवार, 31 ऑक्टोबर 2025. ऑफिसमधून अर्धा तास आधी सटकले, स्वारगेट गाठलं आणि एसटीत खिडकीची सीट पटकावली. मोबाइल फुल चार्ज, इअरफोन कानात. प्रो कबड्डीच्या बाराव्या सीझनची फायनल होती, दबंग दिल्ली विरुद्ध आमची पुणेरी पलटण. साखळीत पलटण अव्वल. म्हणजे कप आपलाच, असं ऑफिसच्या ग्रुपवर सकाळपासून ठरलेलं.

खंबाटकी घाटात रेंज गेली. आली, परत गेली. साताऱ्याच्या अलीकडे चित्र एकदाचं स्थिर झालं, तर दिल्लीचे खेळाडू एकमेकांच्या गळ्यात पडलेले. 31-28. तीन गुणांनी सीझन संपला होता. दोन मिनिटांत ग्रुपवर पहिला मेसेज आला, ‘कोच बदला यार!’ त्याखाली चौदा अंगठे.

मध्यरात्री पेठ नाक्यावर उतरले. भाऊ बाइक घेऊन उभा होता. ‘कशी आहेस’ नाही, ‘जेवलीस का’ नाही. पहिलं वाक्य, ‘ताई, ठाकूरला काढायला पायजे.’

माझं गाव शिराळा. हो, तेच, नागपंचमीचं बत्तीस शिराळा. आमच्याकडे एक गंमत आहे. इथल्या पोरी ‘मी आले, मी गेले’ म्हणत नाहीत, ‘मी आलो, मी गेलो’ म्हणतात. पुण्यात सात वर्षं शुद्ध बोलणारी मी पेठ नाका आला की आपोआप ‘आलो’वर येते. आणि दुसरी गोष्ट, इथे कबड्डीवर मत नसलेला माणूस सापडणं कठीण.

पोह्यांवर पोस्टमॉर्टेम

शनिवारी सकाळी आमच्या ओसरीवर बैठक भरली. भाऊ, त्याचे दोन मित्र, तात्या म्हणजे माझे चुलते, आणि आईच्या हातचे पोहे. अर्ध्या तासात तीन पार्ट्या पडल्या.

पहिली पार्टी, ‘रमेश असता तर’वाली. बी. सी. रमेश म्हणजे पलटणला पहिला कप मिळवून देणारे प्रशिक्षक. त्याआधी 2019 मध्ये त्यांनी बंगाल वॉरियर्सलाही चॅम्पियन केलं होतं. ‘असा माणूस सोडतात का राव?’ इति भाऊ.

दुसरी पार्टी अजय ठाकूरची. 2016 च्या वर्ल्ड कप फायनलमध्ये इराणविरुद्ध अहमदाबादेत एकट्याने मॅच फिरवणारा हाच तो. नवा कोच म्हणून आला आणि टीम थेट फायनलला नेली. ‘आणि काय पायजे तुला? त्यानं आत उतरून रेड मारायची का?’

तिसरी पार्टी खेळाडूंवर घसरली. पण आदित्य शिंदेने तर फायनलमध्ये दहा गुण कमावले होते. मग दोष कुणाचा? शेवटाला दिल्लीसाठी मोक्याची पकड केली फझल अत्राचलीने. आणि हाच फझल 2022 च्या फायनलमध्ये पलटणचा कॅप्टन होता. ‘त्याला सोडला कुणी?’ झालं, गाडी पुन्हा मॅनेजमेंटवर.

एवढा वेळ गप्प बसलेले तात्या म्हणाले, ‘कोचला काय किंमत असती ते 2018 ला बघितलं न्हाई का तुमी? जकार्ताला आपल्या पोरी फायनल हरल्या, इराणच्या पोरींकडनं. आणि इराणची कोच कोण? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!’

तात्यांचं बरोबर होतं. त्या एशियाडमध्ये भारताच्या मुली 24-27 अशा हरल्या, आणि पलीकडच्या बेंचवर एक मराठी प्रशिक्षक होती. त्याच स्पर्धेत आपले पुरुषही सेमीफायनलला इराणकडूनच हरले. तेव्हाही देशभर चर्चा हीच, कोच बदला.

उणे चार, अधिक तीन

मी पडले डेटावाली. पोहे संपेपर्यंत मोबाइलवर जुने स्कोअर काढून बसले.

17 डिसेंबर 2022, मुंबई. पलटणची पहिलीच फायनल, समोर जयपूर. 29-33. चार गुणांनी हार. कोच रमेश. 1 मार्च 2024, हैदराबाद. समोर हरियाणा. 28-25. तीन गुणांनी जीत, पहिला कप. कोच तेच. मग त्यानंतरचा सीझन. कोच अजूनही तेच, आणि पलटणला बाद फेरीसुद्धा गाठता आली नाही.

आता सांगा, रमेश चांगले कोच की वाईट? माणूस एकच. एकदा रडवलं, एकदा नाचवलं, एकदा घरी बसवलं. मधल्या सात गुणांत ते एकदम शहाणे झाले का? 2024 ची फायनल आठवा म्हटलं तर सगळ्यांना पंकज मोहितेची ती चार गुणांची चढाई आठवते. टाइमआऊटमध्ये कोच काय बोलले, ते कुणालाच आठवत नाही.

हरियाणाचं बघा. मनप्रीत सिंग 2024 ची ती फायनल हरले. त्यांनाही काढता आलं असतं. काढलं नाही. त्याच वर्षी 29 डिसेंबरला आपल्या बालेवाडीत त्यांच्या टीमने पाटण्याला 32-23 असं हरवून कप नेला.

कोचला मार्क द्यायचेत?

मग कोचला काही बोलायचंच नाही का? बोलायचं की! फॅन गप्प बसला तर खेळात मजा काय? फक्त मार्क देण्याआधी हे चार प्रश्न विचारून बघा.

• आखलेला डाव चुकला, की डाव बरोबर होता आणि मैदानावर कुणी तो पाळलाच नाही?

• मोठा खेळाडू जायबंदी झाला तेव्हा त्याच्या जागी उतरलेला पोरगा तयार होता का? त्याला तयार करणं हे कोचचं काम.

• सीझनच्या सुरुवातीला कच्चे असलेले खेळाडू शेवटी सुधारले का?

• तीच चूक मॅचमागून मॅच होत राहिली का? एकदा झाली तर खेळाडूची, दहादा झाली तर कोचची.

हे सगळं मी ओसरीवर एकदम एक्स्पर्टसारखं सांगितलं. भाऊ इम्प्रेस झाला. ‘ताई, तू कॉलेजला खेळायचीस तेव्हा तुमच्या कोचचं काय झालं होतं गं? तुम्ही काढलाच होता ना त्यास्नी?’

पोहे घशात अडकले.

ती शेवटची रेड

2016 सालची गोष्ट. मी डावा कोपरा. विभागीय स्पर्धेची फायनल. मुलींची मॅच, पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन हाफ. शेवटची चढाई समोरच्या टीमची, आणि आम्ही 24-23 ने पुढे. तीस सेकंदांच्या टाइमआऊटमध्ये सरांनी एकच गोष्ट दोनदा सांगितली. ‘कुणीही पुढं जाऊन धरायचं न्हाई. तिला मोकळी परत जाऊ द्या. मॅच आपली हाय.’

रेडर माझ्या कोपऱ्यात आली. पाय अगदी समोर दिसला. मी घोट्यावर झेप टाकली. पकड अर्धवट बसली, तिने मला ओढत नेलं, मला सोडवायला दोघी धावल्या. तिचा हात मध्यरेषेला लागला तेव्हा आम्ही तिघी तिच्या अंगावर होतो. तीन गुण. 24-26. सीझन खलास.

त्या गोंधळात कोण आधी पुढे गेलं, हे मागे उभ्या असलेल्यांना नीट दिसलंच नव्हतं. परतीच्या गाडीत पोरी रडत होत्या. कुणीतरी म्हणालं, ‘सरांनी शेवटी डिफेन्सिव्ह खेळवलं, म्हणून गेली मॅच.’ मी मान डोलावली. चार दिवसांत प्राचार्यांच्या नावे अर्ज तयार झाला. सात मुद्दे, नऊ सह्या. अर्ज मी लिहिला होता, माझं अक्षर चांगलं म्हणून.

सर कॉलेजच्या पगारावर नव्हते. स्वतःचं खताचं दुकान सांभाळून संध्याकाळी मैदानावर यायचे. अर्जाचं कानावर गेलं तसे ते यायचे थांबले. शिट्टी आणि नीकॅपची पिशवी जिमखान्यात ठेवून गेले. वाद नाही, भांडण नाही. पुढच्या वर्षी आमची टीम पहिल्या फेरीत गारद झाली. तोवर मी पुण्याला निघून गेले होते.

नऊ वर्षं ही गोष्ट मी कुणालाही सांगितली नव्हती.

सात मुद्द्यांत नसलेला मुद्दा

रविवारी सकाळी दुकानात गेले. सर थोडे वाळले होते, चष्मा आला होता.

‘या बाईसाहेब! काय म्हणतंय पुणं? हरलं म्हणं तुमचं.’

‘सर, तुम्हाला काय वाटतं? ठाकूर चुकला का?’

‘टीव्हीवर कोचचं तोंड दिसतंय. सीझनभर त्यानं पोरांकडनं काय करून घेतलं ते कुठं दिसतंय?’ एवढं बोलून ते गिऱ्हाइकाची पावती फाडायला लागले.

गिऱ्हाईक गेलं. मी म्हटलं, ‘सर, त्या फायनलला मी पुढं गेलो. तुम्ही नको म्हणाला होता, तरी मीच गेलो.’

सरांनी मान वर केली. ‘मला म्हाईत हाय की. लाइनीला लागूनच उभा होतो मी.’

‘मग तुम्ही सांगितलं का नाही कुणाला?’

‘कुणाला सांगायचं? आणि वीस वर्षांच्या पोरीचं नाव घेऊन मी काय मिळवणार होतो?’ मग हसले. ‘अर्ज वाचला होता मी. अक्षर झकास होतं.’

मला हसावं की रडावं कळेना. माफी मागितली. शब्द जुळवून गेले होते, तसे काही आले नाहीत. सरांनी शेजारच्या पोराला चहा सांगितला आणि बराच वेळ गप्प बसले.

‘एक माझं चुकलं होतं,’ ते म्हणाले. ‘हाफटाइमलाच तुझा घोटा सुजलेला. लंगडत होतीस. तुला बसवायला पायजे होतं. बाहेर दोन पोरी तयार होत्या. मी म्हटलं फायनल हाय, पंधरा मिनिटांचा तर प्रश्न. घोटा धड असता तर ती पकड तुला बसली असती. न्हाईतर दुसरी पोरगी तिथं असती, ती गप उभी राहिली असती. नऊ वर्षं तेच डोक्यात येतंय.’

आमच्या अर्जात सात मुद्दे होते. हा त्यात नव्हता.

परतीच्या गाडीत मी तेवढाच विचार करत होते. कोचची खरी चूक आम्हाला दिसलीच नव्हती, आणि जी त्यांची नव्हती ती मी सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. सरांना दोन्ही माहीत होतं. आज पलटणच्या ड्रेसिंग रूममध्येही असंच काहीतरी असेल. कुणाचा तरी सुजलेला घोटा, कुणीतरी न ऐकलेली सूचना. ओसरीवरून किंवा ऑफिसच्या ग्रुपवरून ते आपल्याला दिसणार नाही.

मंडे मॉर्निंग

सोमवारी ऑफिसात रिव्ह्यू मीटिंग होती. आमचं एक रिलीज अडकलं होतं, आणि कँटीनमध्ये सगळ्यांचं एकमत झालं होतं, लीड बदलायला हवा. तुमच्याकडेही होतंच ना असं? मीटिंगमध्ये विषय निघाला. लीड तोंड उघडणार तेवढ्यात मी म्हटलं, ‘तो मोड्यूल माझा होता. त्याने पुन्हा टेस्ट करायला सांगितलं होतं, मी केलं नाही.’ दोन सेकंद शांतता. मग लीड म्हणाला, ‘मीही तुला फक्त एकच दिवस दिला होता.’ पुढची दहा मिनिटं आम्ही पहिल्यांदाच कामाचं बोललो.

त्या रात्री कॉलेजच्या टीमचा जुना ग्रुप उघडला. शेवटचा मेसेज दिवाळीचा होता. शेवटच्या रेडची गोष्ट पहिल्यापासून टाइप केली, घोट्यासकट. खाली विचारलं, ‘पुढच्या रविवारी सरांकडे कोण कोण येतंय?’

बराच वेळ नुसत्या निळ्या टिक्स दिसत राहिल्या. मग आमची कॅप्टन टाइप करायला लागली. ती आता दोन पोरांची आई आहे, कराडला असते. अर्जावर पहिली सही तिचीच होती.

‘मी येतो,’ तिने लिहिलं.