एका ॲपचा निरोप दुसऱ्या ॲपवर का जात नाही?

ताईंनो, तुमचं सिम एका कंपनीचं, मैत्रिणीचं दुसऱ्या कंपनीचं. तरी फोन लागतो, साधा मेसेजही जातो. कारण सगळ्या कंपन्या एकच ठरलेली पद्धत पाळतात. यूपीआयचंही तसंच. तुम्ही फोनपेवरून पाठवलेले पैसे गुगल पे वापरणाऱ्या ताईच्या खात्यात जमा होतात.

पण व्हॉट्सॲपवरून टेलिग्रामवर निरोप जात नाही. दोघांची पद्धत वेगळी. म्हणून सगळे जिथे, तिथेच आपल्यालाही राहावं लागतं. युरोपीय संघाच्या कायद्याने मार्च २०२४ पासून व्हॉट्सॲपवर बंधन घातलंय : दुसऱ्या ॲपने मागणी केली, तर निरोपांची देवाणघेवाण होऊ द्यायची. हा नियम आपल्याकडे लागू नाही.

मग गटाने काय करायचं? साध्या फोनवाल्या ताईंना ग्रुपवरचा निरोप मिळत नाही. बैठक चुकते, दंड मात्र भरावा लागतो. म्हणून बैठकीची तारीख आणि हप्त्याची रक्कम साध्या मेसेजने किंवा फोन करूनही कळवा. सदस्यांचे नंबर आणि मालाच्या ऑर्डरी रजिस्टरमध्ये लिहून ठेवा. फोन हरवला तरी रजिस्टर गटाकडेच राहतं.