डेंजर पोट्टा, डेंजर भाजी

कॉलिन्स कोशाने 'ब्रॅट'ला 2024 चा शब्द ठरवलं आणि लाडावलेल्या, आगाऊ पोराला लावायचा शब्द एकाएकी कौतुकाचं विशेषण कसा झाला, यावर लेखांचा पाऊस पडला. यवतमाळात याचं कुणाला नवल वाटू नये. आमच्याकडे 'डेंजर'ला अशी बढती केव्हाच मिळाली आहे.

बसस्टँडवर पाच मिनिटं उभं राहा. पेपर डेंजर होता म्हणजे अवघड गेला. ऊन डेंजर, म्हणजे सोसवत नाही. "भाजी लय डेंजर झाली बे," म्हणजे अजून वाढ. "तिचा बाप डेंजर हाये," म्हणजे त्या गल्लीत फिरकू नको. एखादा पोट्टा नुसताच डेंजर असतो. तो हुशार की वाया गेलेला, हे सांगणाऱ्याच्या तोंडाकडे पाहून ओळखायचं. इंग्रजीतलं हे नाम. 'डेंजरस'च्या भानगडीत न पडता आपण त्याचंच विशेषण करून टाकलं.

मला या यादीतला बाप सगळ्यात मोलाचा वाटतो. 'डेंजर'चं मूळ लॅटिन 'डोमिनस'मध्ये आहे. डोमिनस म्हणजे धनी. जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत येताना या शब्दाचा अर्थ होता धन्याची सत्ता, दुसऱ्याचं वाईट करण्याची ताकद. धोका हा अर्थ मागाहून चिकटला. शेक्सपिअरच्या 'मर्चंट ऑफ व्हेनिस'मध्ये अँटोनिओ शायलॉकच्या 'डेंजर'मध्ये आहे, म्हणजे सावकाराच्या मुठीत आहे. हा अर्थ आमच्या कास्तकाराला कोश उघडून समजावायची गरज नाही.

कायद्याने मात्र या शब्दाची पायरी ठरवून टाकली आहे. 1971 च्या कीटकनाशक नियमांनुसार डब्यावर लाल किंवा पिवळा त्रिकोण असेल तर 'पॉयझन', निळा असेल तर 'डेंजर', हिरवा असेल तर 'कॉशन'. म्हणजे 'डेंजर' हे मध्यम विषारी! 2017 च्या हंगामात फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात 20 हून अधिक जण दगावले. मग लेबल वाचा, असं सांगणाऱ्यांची रीघ लागली. वाचून काय होणार होतं? सकाळी ज्या शब्दाने भाजीची तारीफ केली, तो डब्यावर दिसला म्हणून कोण दचकेल? आणि दुकानात जाऊन कास्तकार विष मागतच नाही. तो मागतो 'औषध'.